फॅन बेल्ट आणायला जाताना गाडीचं नाव नको, माप न्या

फॅन बेल्ट म्हणजे इंजिनाच्या जोरावर पंखा, वॉटर पंप आणि डायनामो फिरवणारा पट्टा. बडोद्यातल्या पार्टच्या दुकानात काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "कई गाडी?" (कुठली गाडी?) पद्मिनी म्हटलं की फळीवरून एक पट्टा खाली येतो, ॲम्बेसेडर म्हटलं की दुसरा. तो बसेलच असं नाही, आणि त्यात दुकानदाराची चूकही नाही. ॲम्बेसेडर १४८९ सीसीच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) पेट्रोल इंजिनावर आली, डिझेलवर आली, पुढे इसुझूच्या इंजिनावरही आली. शिवाय पेट्रोल काढून डिझेल चढवलेल्या गाड्या आहेतच. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन मूळचंच असलं तरी डायनामोच्या (बॅटरी चार्ज करणारं जुनं जनित्र) जागी कधीतरी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर आलेला असतो. त्याच्याबरोबर पुली (पट्टा ज्यावर फिरतो ते खाचेचं चाक) बदलते, ब्रॅकेट बदलतो, म्हणजे पट्ट्याचं मापही बदलतं. जुन्या जीपचं तर विचारूच नका. म्हणून दुकानात जाण्याआधी दोन आकडे काढायचे: रुंदी आणि लांबी.

आधी रुंदी. ती जुन्या पट्ट्यावर मोजू नका, कारण झिजलेला पट्टा अरुंद झालेला असतो. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा), वॉटर पंप आणि डायनामो या तिन्ही पुल्यांच्या खाचा स्वच्छ पुसून तोंडापाशी व्हर्नियरने (बारीक माप घेणारं कॅलिपर) मोजा. गाड्यांच्या साध्या व्ही-बेल्टची (खाली निमुळता होत जाणारा पट्टा) दोनच मापं बहुतेक वेळा समोर येतात, १० मिमी आणि १३ मिमी. तीनही खाचा एकाच मापाच्या हव्यात. अल्टरनेटर दुसऱ्या गाडीचा असेल तर त्याची पुली १० ची आणि क्रँकची १३ ची, असा घोळ सापडतो. मधला मार्ग म्हणून अरुंद पट्टा घेतला तर १३ च्या खाचेत तो साडेचार मिमी खाली उतरतो आणि तळाला टेकतो. व्ही-बेल्ट ओढतो तो दोन्ही बाजूंच्या घर्षणावर. तळाला टेकला की पाचर सुटते, पट्टा घसरतो, चार्जिंग पडतं. अशा वेळी पट्टा नव्हे, अल्टरनेटरची पुली बदलायची. अल्टरनेटरवर बारीक रेघांच्या चपट्या पट्ट्याची पुली असेल तरी तेच. शाफ्टचा व्यास मोजून व्ही खाचेची पुली बसवा. मात्र नवी पुली १० मिमीने लहान निघाली तर पट्टाही साधारण १६ मिमीने आखूड लागेल, म्हणून लांबी मोजायची ती पुली बसवल्यावरच.

खाच मोजताना तिचा तळही पाहा. तळ चकाकत असेल तर आधीचा पट्टा टेकत होता. बाजूच्या भिंती सरळ उतरत्या हव्यात. वाटीसारख्या खोलगट झाल्या असतील तर त्या पुलीवर कुठलाही नवा पट्टा काही महिन्यांत झिजणार.

आता लांबी. इथेच जास्त फसगत होते. सुतळी गुंडाळून मोजायची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते, पण सुतळी खाचेत बुडते आणि माप कमी येतं. त्यापेक्षा शिंप्याकडे मिळणारी, न ताणणारी, २० मिमी रुंद सुती फीत घ्या. ती खाचेपेक्षा रुंद असल्यामुळे पुलीच्या दोन्ही काठांवर टेकून जाते आणि थेट पट्ट्याची बाहेरची लांबी देते. पट्टा काठापासून १ मिमी आत बसणारा असेल तर आलेल्या मापातून ६ मिमी वजा करा.

डायनामोचे वरचे दोन बोल्ट आणि ॲडजस्टर पट्टीचा (ताण कमी-जास्त करायची लांब खाचेची पट्टी) बोल्ट ढिला करा. डायनामो इंजिनाकडे पूर्ण ढकलून एकदा मोजा, बाहेर पूर्ण ओढून दुसऱ्यांदा मोजा. समजा पहिलं माप ९३० मिमी आलं आणि दुसरं ९८५. योग्य पट्टा पहिल्या मापाच्या पुढे, एकूण फरकाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असतो: ९३० अधिक १८, म्हणजे ९४८. दुकानात ९५० मागा. ९२५ चा पट्टा चढणारच नाही, आणि ९७५ चा आज बसला तरी ताणायला पुढे फारशी जागा उरणार नाही. नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत थोडा सैल होतोच, त्यासाठी ती दोन-तृतीयांश जागा राखायची.

जुना पट्टा नमुना म्हणून नेलात तर एक खूण आधी टिपून ठेवा: काढताना बोल्ट ॲडजस्टरच्या खाचेत कुठे होता. अगदी बाहेरच्या टोकाला असेल तर तो पट्टा ताणलेला आहे किंवा मुळातच लांब होता. त्याच्याशी जुळवून नवा घेतला तर चूकच विकत घ्याल.

पट्ट्याच्या पाठीवरचे आकडे वाचता आले की अर्धं काम झालं. "एव्हीएक्स १० × ९५० एलए" म्हणजे १० मिमी रुंद, बाहेरून ९५० मिमी लांब, दातेरी (आतल्या बाजूला दाते कापलेला). "एलए" बाहेरची लांबी, "एलआय" आतली. "ए ३६" अशी खूण असेल तर ती १३ मिमी रुंदीची आणि आतून ३६ इंच, म्हणजे ९१४ मिमी. १३ चा पट्टा ८ मिमी जाड असतो, त्यामुळे बाहेरून तोच ९६४ च्या आसपास भरतो. आतल्या आणि बाहेरच्या लांबीत ५० मिमीचं अंतर! "छत्तीस इंची द्या" एवढंच सांगितलं तर आतून छत्तीस की बाहेरून हे कुणीच विचारत नाही, आणि घरी येऊन पट्टा लोंबतो.

मकरपुरा जीआयडीसीच्या (बडोद्याची औद्योगिक वसाहत) बाजूला कारखान्यांना पट्टे पुरवणारे आहेत. त्यांच्याकडे मापाची निवड मोठी असते आणि मापाशी पट्टा लावूनही बघता येतो. पण पिठाच्या गिरणीला किंवा लेथला लागणारा, कापड गुंडाळलेला "ए" पट्टा गाडीला नको. साधारण ७५ मिमीपेक्षा लहान पुलीवर तो पुन्हा पुन्हा वाकला की तडकतो, आणि डायनामोची पुली बऱ्याचदा त्याहून लहान असते. उघड्या कडेचा दातेरी पट्टा मागा. तो सहज वाकतो आणि थंडही राहतो. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या वर गेल्यावर बॉनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको.

जुन्या गाडीसाठी "ओरिजिनल, जुना स्टॉक" असं कौतुकाने दाखवतात. हरखून जाऊ नका. रबर फळीवर पडूनही वाळतं. पट्टा हातात घेऊन उलटा वाकवा आणि दातांच्या मधल्या खोबणीत बघा. केसाएवढ्या चिरा दिसल्या तर वेष्टन कितीही कोरं असो, पट्टा परत करा.

बसवताना बॅटरीची अर्थ वायर आधी काढा, कारण पाना डायनामोच्या टर्मिनलला लागू शकतो. वॉटर पंपातून पाणी किंवा पुढच्या सीलमधून तेल गळत असेल तर ते आधी थांबवा. तेलात भिजलेला नवा पट्टा फुगतो आणि घसरतो. डायनामो पूर्ण आत ढकला, पट्टा पंख्याच्या एकेका पात्यावरून फिरवत मागे घ्या आणि हाताने पुल्यांवर चढवा. स्क्रू ड्रायव्हर घालून काठावरून उचकटू नका. आतले दोरे तुटतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि काही दिवसांनी पट्टा खाचेत उलटा होतो. हाताने चढत नसेल तर माप चुकलंय, सरळ बदलून आणा.

ताण देताना दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोरात दाबा. १३ मिमी, म्हणजे अर्धा इंच, दबला पाहिजे. टॉमी (रेटायची लोखंडी दांडी) लावायची तर डायनामोच्या पुलीकडच्या टोकाला, मधल्या पत्र्यावर नाही. "घट्ट असलेला बरा" ही समजूत महागात पडते: वॉटर पंपाचं बेअरिंग आणि डायनामोचं पुढचं बेअरिंग आधी जातं, पट्टा नंतर. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा दाबून पाहा.

सुरू करताना किंचाळत असेल तर साबण, मेणबत्ती, राळ असलं काही लावू नका. दोन मिनिटं गप्प बसतो, मग धूळ धरून जास्त घसरतो. कारण तिघांपैकी एक असतं: ताण कमी, खाच गुळगुळीत, किंवा पुल्या एका रेषेत नाहीत. पट्ट्याची एकच बाजू झिजत असेल तर हमखास तिसरं. लोखंडी पट्टी क्रँकच्या पुलीच्या तोंडाला टेकवून अल्टरनेटरची पुली जुळते का बघा. फरक ब्रॅकेटखाली वॉशर घालून किंवा काढून सुधारतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर खाचांतला चिखल त्याच दिवशी धुवा, नाहीतर तीच रेती पॉलिश पेपरचं काम करते.

चालत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ टेंपरेचरचा काटा चढू लागला तर पट्टा गेला. पंखा आणि वॉटर पंप त्याच्यावरच चालतात, म्हणून "घर जवळच आहे" म्हणत पुढे जाऊ नका. हेडचं गॅस्केट त्या दोन किलोमीटरांत जाऊ शकतं. डिकीत एक जादा पट्टा आणि त्याला लागणारे दोन पाने कायम ठेवा. पट्टा तारेने आवळू नका, मोठ्या वेटोळ्यात सैल ठेवा, आणि वेष्टनावर रुंदी, लांबी आणि घेतल्याची तारीख पेनाने लिहा.