आजारी भटक्या मांजराला घर शोधताय? या चुका टाळा

ल्युकेमिया किंवा एफआयव्ही या विषाणूंच्या आजारांच्या रक्तचाचणीत मांजर पॉझिटिव्ह आलं, असं डॉक्टरांनी सांगितलं की बरेच जण तिथंच हात टेकतात. काही जण तर त्याला मटण मार्केटजवळ नेऊन सोडतात, "खायला मिळेल तिथं" म्हणून. आजारी मांजर अनोळखी जागी टिकत नाही. शिवाय उपाशी मरेल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

घाई रिपोर्टपासूनच होते. किटवर रक्ताचे दोन-तीन थेंब टाकले की थोड्या वेळात रेघा उमटतात. कुठल्या आजाराची रेघ उमटली, ते नीट विचारून घ्या. मांजरांचा ल्युकेमिया लाळेतून पसरतो, म्हणजे एका वाटीत खाल्लं, एकमेकांना चाटलं तरी. एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, मुख्यतः भांडणातल्या खोल चाव्यातून पसरतो. दोन्ही आजार माणसाला किंवा कुत्र्याला होत नाहीत. सहा महिन्यांखालच्या पिल्लाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) असू शकतात, म्हणून त्याची एफआयव्ही चाचणी सहा महिन्यांनंतर पुन्हा करायची. ल्युकेमियाचा रिपोर्टही दुसऱ्या तपासणीनं पक्का करून घ्यावा. एका रेघेवर त्या जिवाचा निकाल लावू नका.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे आजार लपवणं. "थोडं अशक्त आहे, खाऊन-पिऊन सुधारेल" असं सांगून मांजर दिलं, आणि त्या घरात आधीच दोन मांजरं असली, तर तुम्ही तीन जिवांशी खेळलात. ग्रुपवर मेसेज टाकताना स्पष्ट लिहा: "बोका, अंदाजे तीन वर्षांचा, नसबंदी झालेली, ल्युकेमिया पॉझिटिव्ह. दुसरं मांजर नसलेलं घर हवं. बाहेर सोडायचं नाही. माणसांना धोका नाही." फोन कमी येतील, पण जे येतील ते ऐकून-समजून आलेले असतील. एफआयव्हीवाल्या शांत मांजराला मात्र दुसऱ्या शांत, नसबंदी झालेल्या मांजराबरोबर राहता येतं. ही शक्यता बरेच जण विचारातच घेत नाहीत.

गजकर्ण असेल तर तेही सांगा, कारण ते माणसांना होतं. आधी उपचार पूर्ण करा.

घर बघायला स्वतः जा. कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत भिंतीला भिंत लागून घरं, एका कौलावरून दुसऱ्या कौलावर मांजर सहज जातं. अशा घरी खिडक्यांना जाळी असल्याशिवाय देऊ नका. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये गॅलरीचं तेवढंच बघायचं. नसबंदी आधीच करून घ्या, नाहीतर बोका जाळी फाडूनही बाहेर पडायला बघतो.

तुमच्या घरात पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचं पिल्लू राहून गेलं असेल, तर जागा फिनाइलनं पुसून भागत नाही. त्यानं हा विषाणू मरत नाही आणि फिनाइल मांजरांना विषारी असतं. विषाणू घरात वर्षभरही टिकतो. आधी साबणानं धुवा, मग ३२ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून फरशी दहा मिनिटं ओली राहू द्या, नंतर साध्या पाण्यानं पुसा. तोवर मांजर दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि लस न झालेलं पिल्लू त्या घरात आणूच नका.

मांजर देताना रिपोर्टची प्रत, चालू औषधांची चिठ्ठी आणि तुमचा नंबर सोबत द्या. जमलं नाही तर परत आणा, मी ठेवून घेईन, हेही त्याच वेळी सांगून ठेवा.