घरी मदतनीस ठेवण्यापूर्वी काय पाहावे

वृद्ध, दिव्यांग किंवा दीर्घ आजारातून उठलेल्या व्यक्तीला स्वतःच्याच घरी राहायचे असेल, तर लगेच मदतनीस शोधायला निघू नये. आधी त्या व्यक्तीचा एक संपूर्ण दिवस शांतपणे पाहावा. अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली सहा कामे यासाठी आजही उपयोगी पडतात: आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी या संशोधकांनी फोन, खरेदी, स्वयंपाक, औषधे, पैशांचे व्यवहार अशा कामांचाही विचार केला. प्रत्येक कामापुढे ‘स्वतः जमते’, ‘हात दिला तर जमते’ किंवा ‘जमत नाही’ अशी नोंद करावी.

खरे लक्ष मधल्या नोंदीकडे हवे. सदरा अंगात घालता येतो, पण बोटे थरथरत असल्यामुळे बटणे लागत नाहीत, असे दिसले तर मदत बटणांपुरतीच घ्यावी. घाईपोटी मदतनीस सगळेच कपडे चढवू लागला, की जे जमत होते तेही हळूहळू सुटते. बटणांऐवजी वेल्क्रो लावून घेतले, तर कदाचित तेवढ्याही मदतीची गरज उरणार नाही.

घरातील बदल ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञाच्या, सल्ल्याने करावेत. टॉवेलची दांडी धरून उठणारी माणसे पुष्कळ दिसतात, परंतु ती दांडी माणसाचे वजन पेलण्यासाठी नसते. तेथे भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडाच हवा. व्हीलचेअरसाठी उतार करताना १:१२ हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरतात, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो.

सेवा देणाऱ्या संस्थेशी बोलताना ती व्यक्ती स्वतः हजर असावी आणि प्रश्न तिलाच विचारले जावेत. कुठे आणि कोणाबरोबर राहायचे हे निवडण्याचा दिव्यांग व्यक्तींचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराने, त्यातील १९ व्या कलमात, मान्य केला आहे. मदतनीस कोणत्या वेळी येणार, नेमकी कोणती कामे करणार, तो आला नाही तर बदली कोण येणार, किल्ली कोणाकडे राहणार आणि खरेदीचा हिशेब कसा ठेवायचा, हे सारे लेखी घ्यावे. सांभाळणाऱ्या नातेवाइकालाही अधूनमधून सुट्टी मिळेल, अशी पर्यायी सोय त्याच वेळी विचारून ठेवावी.

महिन्याभराने आणि प्रत्येक इस्पितळवारीनंतर सुरुवातीची यादी पुन्हा तपासावी. काही कामांपुढील मदत वाढवावी लागेल, तर काहींपुढील चक्क काढून टाकता येईल.