पॅनल निवडण्याआधी ते उलटं करून बघा

मॉड्यूलर सिंथ, म्हणजे सुटे भाग (मॉड्यूल) केबलनं जोडून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, स्वतः जोडायला घेतलं की पहिला प्रश्न फॉरमॅटचा, म्हणजे मॉड्यूलची मापं आणि वीज कुठल्या पद्धतीची हा येतो. युरोरॅक घ्यायचं, मूग कंपनीच्या वळणाचं फाइव्ह-यू घ्यायचं, की सर्ज-बुक्ला या सिंथच्या वाटेनं जायचं? बहुतेक जण आकार, किंमत आणि दिसणं पाहून ठरवतात. मीही तसंच ठरवलं आणि पहिलं मॉड्यूल, एक फिल्टर, जवळजवळ गमावलं.

आकडे तुम्हाला ठाऊक असतील, म्हणून थोडक्यात सांगतो. डोएप्फर कंपनीच्या ए-100 या सिंथपासून, म्हणजे 1995 पासून, रुळलेल्या युरोरॅकचं पॅनल (मॉड्यूलची पुढची पट्टी) 128.5 मिमी उंच असतं. रुंदी एचपीत मोजतात, एक एचपी म्हणजे 5.08 मिमी. जॅक (केबल खोचायच्या जागा) 3.5 मिमीचे आणि वीज ±12 व्होल्ट. फाइव्ह-यूचं पॅनल 8.75 इंच उंच, जॅक 6.35 मिमीचे, वीज ±15 व्होल्ट. फ्रॅकरॅक या आणखी एका फॉरमॅटला युरोरॅकसारखंच थ्री-यू (तीन युनिट उंच) म्हणतात, पण त्याचं पॅनल पूर्ण 5.25 इंच उंच असतं आणि ते ±15 व्होल्टवर चालतं. नाव सारखं दिसलं म्हणून जुनं मॉड्यूल उचलू नका. सर्जमध्ये सगळीकडे बनाना जॅक असतात. बनाना केबलमध्ये एकच तार असते, ग्राउंड नसतो, त्यामुळे दुसऱ्या केसशी (मॉड्यूल बसवायच्या पेटीशी) जोडताना ग्राउंडची वेगळी वायर लागते.

हे सगळं वाचून मिळतं. मी अडकलो ते पॅनलच्या मागे.

मला शिकवणारे सर कित्येक वर्षं फाइव्ह-यू बांधत होते. त्यांचा नियम होता, "आधी बोर्ड पूर्ण कर, तपास, मग पॅनल लाव." त्यांच्या फॉरमॅटमध्ये हे शंभर टक्के बरोबर आहे. तिथे पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) आणि जॅक पॅनलवर कसलेले असतात, सर्किटचा बोर्ड मागे ब्रॅकेटवर असतो आणि मधलं सगळं काम हातानं ओढलेल्या वायर करतात. मिलीमीटर इकडेतिकडे झाला तरी वायर सांभाळून घेते.

आजच्या बहुतेक युरोरॅक किटमध्ये बोर्ड पॅनलला समांतर असतो आणि जॅक, पॉट थेट बोर्डावर बसतात. सांभाळून घ्यायला मध्ये काहीच नसतं. मी आठही जॅक आधी सोल्डर केले. पॅनल ठेवलं तर सहा भोकांतून आले, दोन किंचित तिरके राहिले. मी पॅनल दाबलं आणि नट आवळले. नंतर त्यातला एक तिरका जॅक काढताना बोर्डावरचा, सोल्डर धरणारा तांब्याचा पॅड पायाबरोबर उखडून हातात आला. त्या रात्री मला वाटलं होतं की हे काम आपलं नाही.

म्हणून हा क्रम जरा जास्तच सविस्तर सांगतो. रेझिस्टर, आयसीचे सॉकेट, पॉवरचा हेडर (वीज आणणारी केबल बसते त्या पिना) हे आधी सोल्डर करा. दोन बोर्डांचं सँडविच असेल तर मधल्या पिना दोन्ही बोर्ड एकमेकांत बसवूनच सोल्डर करा. मग पॉट, जॅक आणि एलईडी नुसते भोकांत बसवा. सोल्डर नाही! एलईडीचा लांब पाय कुठल्या भोकात जातो ते आत्ताच बघा. पॅनल चढवा, नट बोटांनी फिरवा. बोर्ड डोळ्यांसमोर आडवा धरून बघा, प्रत्येक पॉट बोर्डाला टेकलाय का? आता प्रत्येकाचा फक्त एक पाय सोल्डर करा. पुन्हा आडवं धरून बघा. एखादा उचललेला दिसला तर तो पाय तापवून दाबा. एका पायावर चूक सुधारते, तीन पायांवर पॅड जातो. मग नट आवळा, त्यानंतरच उरलेले पाय.

याच कारणानं "त्याच सर्किटला दुसऱ्याचं पॅनल लाव" हा सल्ला मला पटत नाही. फाइव्ह-यूत वायर असल्यामुळे खपून जातं. युरोरॅकमध्ये भोकांचं अंतर बोर्डाशी तंतोतंत जुळावंच लागतं. आणि गुरू निवडताना त्यांचं मॉड्यूल मागून बघा. तुमच्यासारखी बांधणी नसेल तर त्यांच्याकडून सर्किट शिका, जोडणीचा क्रम नाही.

केस घेण्याआधी ती किती खोल आहे ते मोजा. समांतर बोर्ड उथळ केसमध्ये मावतात, ए-100 सारखे पॅनलला काटकोनात उभे बोर्ड मावतीलच असं नाही. वीज आणणाऱ्या रिबन केबलची लाल कड -12 व्होल्टची, दोन्ही टोकांना तपासा.

उखडलेल्या पॅडनं घाबरू नका. सर्किटच्या आकृतीत तो पाय कुठे जातो ते शोधून मी जॅकच्या पायापासून थेट पुढच्या रेझिस्टरपर्यंत एक पातळ वायर ओढली. ती आजही तिथेच आहे आणि फिल्टर रोज वाजतो.