परवान्याचे रिव्हॉल्व्हर झाकून कसे बाळगावे

भारतात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हवे असल्यास पोलीस आयुक्तांचा किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांचा परवाना आधी मिळवावा लागतो, आणि तो मिळाल्यावरही शस्त्र कमरेला मिरवता येत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी ते योग्य होल्स्टरमध्ये (शस्त्र ठेवण्याच्या, अंगावर बांधायच्या म्यानात) किंवा पाठपिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे.

होल्स्टरची निवड घाईने करू नये, कारण अनेक अपघात इथेच टळतात किंवा घडतात. ते त्याच मॉडेलच्या मापाचे, ताठ आणि ट्रिगर पूर्ण झाकणारे असावे. रुंद, जाड पट्ट्यावर ते घट्ट बसवावे आणि वरून सैल सदरा घालावा. किल्ल्या, नाणी असलेल्या खिशात नुसते शस्त्र ठेवणे मला अत्यंत धोक्याचे वाटते. होल्स्टरमध्ये परत ठेवताना बोट ट्रिगरपासून दूर ठेवून सदऱ्याचे टोक आत अडकत नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. बसताना, वाकताना शस्त्र दिसते का, हे घरीच, काडतुसे काढून, आरशासमोर तपासावे. मूळ परवाना सोबत असावा. घरी परतल्यावर शस्त्र रिकामे करून कुलपात ठेवावे, मुले असलेल्या घरात तर न चुकता.