क्लाउड शिकताना या चुका टाळा: उघडं पोर्ट, ‘बंद’ मशीन आणि न तपासलेला बॅकअप

ठाणे स्टेशनपासून कोपरखैरण्यापर्यंत क्लाउड शिकवणारे क्लास गल्लोगल्ली झालेत. तिथून बाहेर पडणाऱ्या पोरांना ढीगभर सर्व्हिसेसची नावं तोंडपाठ असतात. पण मशीनला कनेक्ट होत नाही म्हटलं की हात थेट ‘ऑल ट्रॅफिक अलाउ’वर, म्हणजे सगळ्यांना दार उघडण्यावर जातो. खालच्या चुकांत नवीन काही नाही. त्याच त्या पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवलेल्या बऱ्या. उदाहरणं एडब्ल्यूएसची, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची आहेत, कारण बहुतेकांची सुरुवात तिथून होते. ॲझ्युअर किंवा गूगल क्लाउडवर नावं बदलतील, चुका याच राहतील.

आधी पाया. क्लाउडवरचं तुमचं मशीन म्हणजे कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या खऱ्याखुऱ्या सर्व्हरचा भाड्याने घेतलेला तुकडा. ट्रान्स-हार्बरने ऐरोली-रबाळेला जाणाऱ्यांना ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यातल्या डेटा सेंटरच्या इमारती काही नवीन नाहीत. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, एमआयडीसीत जागा आणि वीज मिळते, म्हणून हा धंदा इथे फोफावला. त्या सर्व्हरवर हायपरवायजर नावाचं सॉफ्टवेअर असतं, ते प्रोसेसर आणि मेमरी भाडेकरूंमध्ये वाटून देतं. डिस्क मात्र बहुतेक वेळा त्या सर्व्हरमध्ये नसतेच, ती नेटवर्कवरून जोडलेली असते. पब्लिक आयपी पत्ता आणखी निराळा. म्हणजे मशीन, डिस्क आणि पत्ता या तीन वस्तू, आणि तिघींचे मीटर वेगळे. हे डोक्यात बसलं नाही की पुढचा निम्मा गोंधळ ठरलेला.

सगळ्या जगाला उघडं पोर्ट

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या ट्रेडिंग फर्मचं प्रकरण अगदी नमुनेदार आहे. अकाउंटंट बाई बदलापूरहून येणार, रोजची लोकल नको म्हणून टॅली क्लाउडवर टाकायचं ठरलं. कुणाच्या तरी भाच्याने व्हिडिओ बघत विंडोज सर्व्हर उभा केला. दुरून स्क्रीन चालवायच्या रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट (मशीनचं नंबर दिलेलं दार) ३३८९. सोर्स, म्हणजे आत यायची परवानगी कुणाला, तर ०.०.०.०/०, म्हणजे पृथ्वीवरचा कोणीही. यूजर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, पासवर्ड फर्मचं नाव आणि पुढे १२३. काम चालू झालं, सगळे खूश.

मग एका सोमवारी सकाळी टॅली उघडेना. डेटा फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावापुढे भलतंच शेपूट आणि डेस्कटॉपवर खंडणीची टेक्स्ट फाइल. रोजचा बॅकअप होता, पण त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर. तोही लॉक. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४६२५, म्हणजे फसलेलं लॉगिन, याची रांगच्या रांग होती. शेवटी एक ४६२४, लॉगॉन टाइप १०. याचा अर्थ रिमोट डेस्कटॉपवरून कोणीतरी रीतसर पासवर्ड टाकून आत आलं. भिंत फोडायची गरजच पडली नाही. सीएकडे ऑडिटसाठी दिलेली जुनी कॉपी पेन ड्राइव्हवर सापडली, आणि त्यापुढची सगळी व्हाउचर्स बिलांच्या फायली काढून पुन्हा टाइप करावी लागली.

‘आमच्या छोट्या कंपनीला कोण कशाला टार्गेट करेल?’ हा प्रश्न नेहमी येतो. कोणी तुमची निवड करत नाही. एका पोर्टसाठी अख्खा आयपीव्ही४ पसारा तासाभरात चाळणारी साधनं फुकट मिळतात, आणि बॉट ती रात्रंदिवस चालवतात. तुमचं मशीन चालू होताच दारावर थापा सुरू होतात. पोर्ट ३३८९चं ३३९० करणं हा उपाय नव्हे. लॉगमधली गर्दी थोडी कमी होते, इतकंच.

उपाय करायचा तर या क्रमाने. ऑफिसला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी असेल तर सिक्युरिटी ग्रुपमध्ये (मशीनच्या फायरवॉलमध्ये) सोर्स म्हणून तो एकच पत्ता, शेवटी /३२ (फक्त हाच पत्ता) लावून. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो, तिथे पोर्ट उघडूच नका. एडब्ल्यूएसचा सेशन मॅनेजर पोर्ट फॉरवर्डिंग करतो, म्हणजे स्वतःच्या वाटेने तुम्हाला त्या पोर्टपर्यंत नेतो, आणि त्यासाठी बाहेरून आत येणारा एकही नियम लागत नाही. ॲझ्युअरवर त्याच कामासाठी बॅस्टिअन आहे. गूगलवर आयएपी वापरा आणि फायरवॉलमध्ये फक्त ३५.२३५.२४०.०/२० ही रेंज ठेवा. यातलं काहीच नको असेल तर वायरगार्ड व्हीपीएन, यूडीपी ५१८२०. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ने रोजचं काम करू नका आणि अकाउंट लॉकआउट चालू करा. डेटाबेसचं ३३०६ किंवा ५४३२ इंटरनेटला उघडं ठेवायला एकही सबळ कारण नाही. ‘टेस्टिंगपुरतं उघडलंय’ हे तर कारणच नव्हे, कारण टेस्टिंग संपल्यावर ते बंद करायला कोणीही परत येत नाही.

कनेक्ट होत नाही? आधी एरर नीट वाचा

वरची चूक जन्माला येते ती इथूनच. एसएसएच (लिनक्स मशीनवर दुरून लॉगिन) लागत नाही, की मुलं घाईने सगळं उघडतात. एरर तीन प्रकारची असते आणि तिन्हींचा अर्थ वेगळा.

बराच वेळ नुसतं थांबून ‘टाइम्ड आउट’ आलं, तर पॅकेट मशीनपर्यंत पोचतच नाही. सिक्युरिटी ग्रुप बघा, मग सबनेटच्या (मशीन ज्या नेटवर्कच्या तुकड्यात आहे त्याच्या) रूट टेबलमध्ये, म्हणजे रस्त्यांच्या यादीत, ०.०.०.०/० इंटरनेट गेटवेकडे जातंय का ते बघा, मग मशीनला पब्लिक आयपी आहे का. नेटवर्क एसीएलला, म्हणजे सबनेटच्या फायरवॉलला, कोणी हात लावला असेल तर तेही. सिक्युरिटी ग्रुप आत आलेल्याचं उत्तर आपोआप बाहेर सोडतो, एसीएल सोडत नाही. तिथे उत्तरासाठी १०२४ ते ६५५३५ पोर्ट वेगळी उघडावी लागतात.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं, तर पॅकेट पोचलंय, पण आत त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. सर्व्हिस बंद आहे, किंवा ॲप फक्त १२७.०.०.१वर, म्हणजे त्याच मशीनपुरतं ऐकतंय. इथे सिक्युरिटी ग्रुप कितीही उघडा, ढिम्म फरक पडणार नाही.

‘परमिशन डिनाइड, पब्लिककी’ असेल तर नेटवर्क ठणठणीत आहे. की फाइल (लॉगिनची चावी) चुकीची किंवा यूजर चुकीचा. ॲमेझॉन लिनक्सवर यूजर ‘ईसी२-यूजर’, उबुंटूवर ‘उबुंटू’. की फाइलला चमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊन प्रश्न सुटत नाही, उलट एसएसएच ती घ्यायलाच नकार देतं. ४०० द्या, म्हणजे फक्त मालकाला वाचता येईल.

आणि काल चालत होतं, आज लागत नाही? रात्री मशीन स्टॉप करून सकाळी स्टार्ट केलं असेल तर पब्लिक आयपी बदललाय. रीबूटने बदलत नाही, स्टॉप-स्टार्टने बदलतो, इलॅस्टिक आयपी (कायम राहणारा पत्ता) घेतला नसेल तर.

‘मी तर मशीन बंद केलं होतं’

बिल आल्यावरचं हे ठरलेलं वाक्य. घोडबंदर रोडला घेतलेल्या फ्लॅटला कुलूप लावलं तरी सोसायटीचा मेंटेनन्स थांबत नाही, स्टॉप केलेल्या मशीनचं तसंच आहे. प्रोसेसर-मेमरीचे पैसे थांबतात, डिस्कचे चालू राहतात. व्हर्जिनिया रीजनच्या (अमेरिकेतल्या डेटा सेंटरच्या गटाच्या) दराने जीपी३ या प्रकारच्या डिस्कला महिन्याला जीबीमागे ०.०८ डॉलर, म्हणजे १०० जीबीचे ८ डॉलर, मशीन झोपलेलं असो वा जागं. इलॅस्टिक आयपी धरून ठेवला असेल तर तोही: १ फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात, महिन्याचे साडेतीनच्या वर. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी.

मशीन टर्मिनेट, म्हणजे कायमचं नष्ट केलं तरी सुटका झाली असं समजू नका. रूट डिस्क सहसा मशीनबरोबर जाते, पण नंतर जोडलेल्या जादा डिस्क तशाच मागे राहतात. आरडीएस, म्हणजे एडब्ल्यूएस स्वतः सांभाळतं तो डेटाबेस, स्टॉप केलात तर सात दिवसांनी तो आपोआप पुन्हा चालू होतो. हे ठळक लिहिलेलं असतं आणि कोणीही वाचत नाही.

विद्यार्थ्यांच्या खिशाला सगळ्यात मोठी कात्री लावतो तो नॅट गेटवे, म्हणजे खाजगी मशीनना इंटरनेटकडे बाहेर पडायची वाट. ‘थ्री टियर व्हीपीसी प्रोजेक्ट’च्या (व्हीपीसी म्हणजे क्लाउडमधलं तुमचं खाजगी नेटवर्क) प्रत्येक व्हिडिओत तो असतो. तासाला ०.०४५ डॉलर हा व्हर्जिनियाचा दर, वर प्रत्येक जीबीमागे तेवढेच. महिन्याच्या ७३० तासांचे ३२.८५ डॉलर होतात, एक बाइटही न पाठवता. व्हिडिओवाला शेवटी ‘क्लीनअप करा’ म्हणतो तोवर बघणाऱ्याने तो बंद केलेला असतो. शिवाय गेटवे डिलीट केला तरी त्याचा इलॅस्टिक आयपी आपोआप सुटत नाही, तो वेगळा रिलीज करावा लागतो.

आवरण्याचा क्रम ठरवून टाका: लोड बॅलन्सर (येणारं काम मशीनमध्ये वाटणारा), नॅट गेटवे, मशीन, उरलेल्या डिस्क, इलॅस्टिक आयपी, आरडीएस, शेवटी स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत). मग बिलाच्या पानावर जाऊन प्रत्येक रीजन उघडून बघा, कारण कन्सोल एका वेळी एकच रीजन दाखवतो आणि व्हर्जिनियात विसरलेलं मशीन मुंबईच्या यादीत दिसत नाही. बजेट अलर्ट पहिल्याच दिवशी लावा, पण त्याच्या जिवावर झोपू नका. तो ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही, आणि बिलाचे आकडे काही तास मागे असतात.

फ्री टियरबद्दल जुने व्हिडिओ बघून गणित मांडू नका. ‘१२ महिने, दरमहा ७५० तास’ ही जुनी योजना. १५ जुलै २०२५पासून उघडलेल्या नव्या खात्यांना क्रेडिट मिळतात आणि फ्री प्लॅन जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो. जुन्या योजनेतही ते ७५० तास सगळ्या मशीनचे मिळून होते. दोन मशीन अहोरात्र चालवली की साडेपंधरा दिवसांत खलास.

बॅकअप आहे, पण परत आणून बघितलाय का?

३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने दुय्यम डेटाबेस सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचं डेटा फोल्डर उडवलं. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग एकेक बॅकअप काढून बघितला. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, डंप (डेटाची प्रत असलेली फाइल) काढणारं टूल ९.२चं, त्यामुळे डंप रोजच फसत होता आणि एस-थ्री या एडब्ल्यूएसच्या स्टोरेजमधलं बकेट रिकामं होतं. फसल्याचे ईमेल जात होते, पण पलीकडचा मेल सर्व्हर ते डीमार्क या ईमेल-पडताळणीच्या कारणाने नाकारत होता. डेटाबेस सर्व्हरना डिस्क स्नॅपशॉट लावलेलेच नव्हते. वाचवलं ते सुमारे सहा तासांपूर्वी टेस्टिंगसाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, आणि मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीर केलं, म्हणून आपल्याला शिकायला मिळतं.

तिथे अनुभवी माणसं होती. आपल्याकडे ‘स्नॅपशॉट शेड्यूल केलाय’ म्हणून हात झटकणारे बरेच.

चालू डेटाबेसचा डिस्क स्नॅपशॉट म्हणजे वीज गेल्या क्षणाची डिस्क. बहुतेकदा उघडते, नेहमीच नाही. त्यासोबत डेटाबेसचा स्वतःचा डंप घ्या, विंडोजवर व्हीएसएस (चालू फाइल्सची नीट प्रत घेणारी सोय) वापरा. तो डंप वेगळ्या एडब्ल्यूएस खात्यातल्या बकेटमध्ये टाका, ऑब्जेक्ट लॉक लावून, म्हणजे मुख्य खात्याची चावी चोराच्या हाती लागली तरी त्याला तो पुसता येणार नाही. जागाही वेगळी हवी. १० मार्च २०२१ला ओव्हीएच या फ्रेंच क्लाउड कंपनीचं स्ट्रासबर्गमधलं एक डेटा सेंटर जळून खाक झालं, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचे दोन्ही गेले. मुंबई रीजनला जोडीला २०२२पासून हैदराबाद आहे, डेटा देशाबाहेर न नेता काम होतं.

आणि महिन्यातून एकदा नवं कोरं मशीन घेऊन त्यावर तो बॅकअप उघडा. टॅली असेल तर कंपनी लोड करून दोन-तीन लेजरची क्लोजिंग बॅलन्स चालू मशीनशी ताडून बघा. किती वेळ लागला तो वहीत लिहा, कारण मालक पहिला प्रश्न तोच विचारणार. ज्याला याचा कंटाळा येतो त्याने बॅकअपची जबाबदारी घेऊच नये.

बाकीच्या, थोडक्यात

मशीन सुरुवातीला पळतं, मग रांगतं: टी सीरिजच्या मशीनमध्ये सीपीयू क्रेडिट (पूर्ण वेगाची शिल्लक) संपलेत. टी३.मायक्रोला तासाला १२ क्रेडिट मिळतात, एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू (मशीनच्या वाट्याचा एक प्रोसेसर) मिनिटभर पूर्ण ताकदीने. टी२ क्रेडिट संपल्यावर मंदावतं. टी३ मुळात अनलिमिटेड मोडमध्ये असतं, ते मंदावत नाही, जादा पैसे लावतं. ‘सीपीयू क्रेडिट बॅलन्स’चा ग्राफ बघा.

१ जीबी रॅमवर वर्डप्रेस आणि मायएसक्यूएल एकत्र टाकून ‘डेटाबेस आपोआप बंद पडतो’ म्हणू नका. कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ सापडेल. क्लाउडवॉच हे एडब्ल्यूएसचं मोजमापाचं साधन त्याचा एजंट टाकल्याशिवाय मेमरीचा ग्राफ दाखवत नाही, म्हणून हे लक्षातच येत नाही. तात्पुरतं २ जीबी स्वॅप (रॅमसारखी वापरलेली डिस्क), नाहीतर मोठं मशीन.

रीजन न बघता मशीन बनवणं: व्हर्जिनिया इथून साधारण १३,००० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद नुसत्या अंतराचे. कोड कितीही ऑप्टिमाइझ करा, हे कमी होणार नाहीत.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीत) ‘रात्री २’ लावलेला बॅकअप इथल्या सकाळी साडेसातला चालतो. इथल्या रात्री दोनला हवा असेल तर आदल्या दिवशीचे २०:३० लिहा.

‘क्लाउड आहे, लोड वाढला की आपोआप वाढेल.’ एकटं मशीन एकटंच राहतं. ऑटो स्केलिंग वेगळं मांडावं लागतं, आणि सेशन-फाइल मशीनच्या डिस्कवर ठेवणारं ॲप त्यात धड चालत नाही.

प्रत्येक व्हीपीसीला १०.०.०.०/१६ ही एकच पत्त्यांची रेंज देत सुटू नका. पुढे दोन जोडायचे ठरले तर पत्ते एकमेकांवर येतात आणि पिअरिंग, म्हणजे ही जोडणी, होत नाही. /२४ सबनेटमध्ये २५६ नव्हे, २५१ पत्ते वापरता येतात. पाच एडब्ल्यूएस राखून ठेवतं.

ॲक्सेस की (खात्याची चावी) कोडमध्ये लिहून गिटहबवर ढकलली, तर कमिट डिलीट करत बसू नका. बॉटने ती केव्हाच उचललेली असते. आधी की निष्क्रिय करा, मग आपण न बनवलेले यूजर आणि रोल (परवानग्यांचे संच) शोधा, मग प्रत्येक रीजनमध्ये जाऊन तुम्ही न लावलेली मोठी मशीन शोधून बंद करा, मग सपोर्टला तिकीट टाका. पुढच्या वेळी मशीनला रोल द्या, कीची गरजच पडत नाही. आणि रूट, म्हणजे मालकाच्या खात्याला एमएफए (पासवर्डसोबत दुसरी खूण) अजून लावला नसेल, तर हे वाचणं थांबवून आधी तो लावा.