अदीस अबाबाला जाताय? आधी अम्हारिक रामराम शिका

मुंबईहून अदीस अबाबाला, म्हणजे इथिओपियाच्या राजधानीला, थेट विमान आहे. दादर ते चर्चगेट लोकलमध्ये मी पाठ करते तसे अम्हारिक या तिथल्या भाषेतले हे शब्द पुटपुटत राहा, जिभेला सवय होते.

भेटल्यावर 'सेलाम' कुणालाही चालतं. पुढे 'कसे आहात?' विचारायचं, तिथे मात्र नीट लक्ष द्या: पुरुषाला 'इंदेमिन नेह?', बाईला 'इंदेमिन नेश?', वडीलधाऱ्यांना 'इंदेमिन नोत?'. तू-तुम्ही आपण घरी पाळतोच, तिथेही पाळा. उत्तर 'देहना', म्हणजे बरं आहे. पण तेवढ्यावर पळू नका. घरचे कसे, तब्येत कशी, अशी चौकशी पुन्हापुन्हा होते, आणि मला ती फार आवडते. हात मिळवताना डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार दिला की आदर दिसतो.

आभार 'अमेसेगिनालेहू'. लांब आहे, तोडून म्हणा: अमे-सेगिना-लेहू. माफी 'यिकिर्ता', 'ठीक आहे' 'इशी', किंमत 'सिंत नौ?'.

वेळ ठरवताना मात्र खात्री करा. तिथले लोक तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून सकाळचे सात त्यांचा एक. कॉफीला, म्हणजे 'बुना'ला बोलावलं, तर वाजले किती ते कोणत्या घड्याळाने, हे विचारूनच निघा.