बडोद्यात बसून जर्मनीतल्या छोट्या गावच्या फुटबॉल क्लबचा इतिहास कसा काढायचा

माझा भाचा जर्मनीत एका छोट्या गावात नोकरीला आहे, तिथल्या क्लबच्या दुसऱ्या टीममधे रविवारी फुटबॉल खेळतो म्हणजे बहुतेक वेळा बाकावरच बसतो, आणि क्लबची शंभरी जवळ आली तशी इतिहास लिहायचं काम सगळ्यांनी ह्याच्या गळ्यात मारलं, का तर म्हणे तू कंप्युटरवाला. त्याने मला फोन लावला कारण मी मोडी शिकलेय आणि इथे दांडिया बाजारातल्या एका मंडळाची स्मरणिका काढताना चांगली पोळलेय. मग रोज रात्री साडेनऊला कॉल, तिकडे तेव्हा संध्याकाळचे सहा. त्यातून जे कळलं ते लिहितेय, तुमच्या घरचं कोणी तिकडे असेल तर कामी येईल.

सगळ्यात आधी क्लबचं नाव नीट वाचा. टीएसव्ही, टीएसजी, टीयूएस असं काही असेल तर त्यातला टी म्हणजे टुर्नेन, म्हणजे जिम्नॅस्टिक. फ्रीड्रिश लुडविग यान नावाच्या माणसाने १८११ मधे बर्लिनच्या हाझेनहाइडे मैदानावर हे सुरू केलं, आणि गावोगाव आधी अशा व्यायामशाळा निघाल्या, फुटबॉल नंतर आला. आपल्याकडे जुम्मादादा व्यायाम मंदिरात, म्हणजे माणिकरावांच्या आखाड्यात, उद्या कोणी फुटबॉलची टीम काढली तर त्या टीमचं साल आखाड्याचं थोडंच होईल? पण तिकडे होतं. म्युनिकच्या ज्या क्लबच्या नावातच १८६० आहे, तिथे फुटबॉल १८९९ ला सुरू झाला. होफेनहाइम हे जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव, त्यांच्या क्लबच्या नावातलं १८९९ हे व्यायामवाल्यांचं, फुटबॉलचा क्लब वेगळा होता आणि दोघं एकत्र आले १९४५ मधे. त्यामुळे पाटीवरच्या सालावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. भाच्याच्या क्लबचंही तेच निघालं, साल व्यायामवाल्यांचं, फुटबॉल बऱ्याच वर्षांनी. त्यावरून कमिटीत भांडण झालं, पण बिअरचा तंबू आधीच बुक केला होता म्हणून शंभरी ठरल्या वर्षीच होणार.

अजून एक गंमत, १९२३-२४ च्या सुमारास व्यायामवाले आणि खेळवाले यांचं वरच्या पातळीवर फाटलं, दोन्हीपैकी एक निवडा म्हणाले, त्यामुळे कितीतरी गावांत एका क्लबचे दोन झाले आणि पुढे परत एक झाले. (त्याच सुमारास इकडे बडोद्यात हिंद विजय जिमखान्याची मंडळी हुतुतूचे नियम ठरवत होती.) कागदावर त्या वर्षांत क्लबचं नाव बदललेलं दिसलं तर घाबरू नका, कारण बहुतेक हेच असतं. नावात डीजेके असेल तर क्लब कॅथलिक चर्चच्या बाजूचा. पूर्व जर्मनीतला असेल तर जुनं नाव ट्रॅक्टर, लोकोमोटिव्ह, शेमी असं काहीतरी सापडेल, कारण तिथे क्लब कारखान्याला नाहीतर खात्याला जोडलेले असायचे, ट्रॅक्टर म्हणजे शेतीवाले, शेमी म्हणजे केमिकलवाले. १९९० नंतर बहुतेकांनी जुनी नावं परत घेतली.

मग सरकारी कागद. क्लबच्या नावामागे 'ए. फाऊ.' लावतात, म्हणजे नोंदणी झालेली संस्था. हे १९०० च्या नागरी कायद्यापासून आहे, नोंदणीला निदान सात सभासद लागतात आणि नोंदवही स्थानिक कोर्टात असते. ती कोणालाही बघता येते आणि ऑगस्ट २०२२ पासून ऑनलाइन फुकट, आपल्याकडे चॅरिटी कमिशनरच्या ऑफिसात फेऱ्या मारलेल्यांना हे वाचून रडू येईल. फक्त नोंदणीचं साल आणि स्थापनेचं साल एकच धरू नका, पोरं आधी काही वर्षं नुसतीच खेळत असतात.

त्यानंतर जुन्या स्मरणिका मागवा. तिकडे त्याला फेस्टश्रिफ्ट म्हणतात, पन्नासाव्या, पंचाहत्तराव्या वर्षी काढतात, आणि आपल्यासारखंच सगळं, आधी महापौरांचा शुभेच्छा संदेश, मग अध्यक्षांचा, मग खाटकाची, बेकरीची, बँकेची जाहिरात. जाहिराती फाडून टाकू नका, गाव कसं होतं ते तिथेच कळतं. पण ह्या स्मरणिकांचा एक ठरलेला दोष आहे, १९३२ पर्यंत पानंच्या पानं आणि मग एकदम 'युद्धामुळे खेळात खंड पडला' आणि १९४६. मधली बारा-तेरा वर्षं एका वाक्यात गुंडाळलेली. इथेच खोदायचं. १९३३ मधे नाझींनी कामगारांचे क्लब बंद पाडले, ज्यू सभासदांना बाहेर काढलं, १९३५ ला डीजेकेही बंद केली. युलिउस हिर्श हा जर्मनीकडून खेळलेला माणूस, त्याला १९४३ मधे आउश्वित्झला पाठवलं, तर गावातल्या साध्या सभासदाचं काय झालं असेल. १९३२ ची आणि १९३४ ची सभासद यादी शेजारी ठेवा आणि कोणती नावं गळली ते बघा. प्रत्येक गळालेलं नाव ज्यूच असेल असं नाही, पण प्रत्येकाचा शोध घ्यायचा, गावाच्या अर्काइव्हमधे विचारायचं. कमिटीतला कोणीतरी म्हणेल हे कशाला आता, त्याला चहा पाजा आणि पुढे चला. युद्धानंतर डिसेंबर १९४५ मधे मित्रराष्ट्रांनी जुन्या क्रीडासंस्था मोडल्या, म्हणून बऱ्याच क्लबांचा दुसरा जन्म त्यानंतरचा दिसतो.

आता खरी मजा, सभांच्या वह्या. भाच्याने पहिल्या पानाचा फोटो पाठवला आणि लिहिलं, मावशी हे जर्मन नाहीये. जर्मनच होतं, पण कुरेंट नाहीतर झ्यूटरलिन लिपीत. झ्यूटरलिन शाळांमधून १९१५ पासून शिकवायचे, १९४१ ला बंद केलं, म्हणजे आजच्या तिकडच्या लोकांनाही आजोबांचं पत्र वाचता येत नाही, आपल्या मोडीसारखंच. त्यात ई हे अक्षर एनसारखं दिसतं, आणि यू ओळखायचं ते डोक्यावरच्या छोट्या वळणावरून. 'नॉयेन' म्हणजे नवीन, हा पाच अक्षरी शब्द तर नुसते करवतीचे दात. आम्ही दोन संध्याकाळी त्या दातांवर घालवल्या, शेवटी कळलं की सभेत नवीन बॉल घ्यायचा ठराव झाला होता. युक्ती मोडीचीच वापरायची, आधी तारखा, आकडे आणि माहितीची आडनावं शोधा, त्यातून त्या लिहिणाऱ्याच्या हाताची सवय कळते, मग बाकीचं सुटतं. ट्रान्सक्रिबस नावाचं सॉफ्टवेअर हे हस्ताक्षर वाचतं, चुकाही करतं, पण पहिला हात फिरवायला बरं आहे.

म्हाताऱ्यांशी बोलायचं तर क्लबहाउसमधे, मॅचनंतर. गोल कोणी मारला असं विचारू नका, त्यात सगळे खोटं बोलतात. मैदान कसलं होतं विचारा, काळ्या-लाल खडीचं असेल तर कोणीतरी पँट वर करून गुडघ्यातले खडे दाखवेलच. युद्धानंतर पूर्वेकडून हाकललेली कुटुंबं गावात आली, १९५५ नंतर इटलीचे आणि १९६१ नंतर तुर्कस्तानचे कामगार आले, त्यांना टीममधे कधी घेतलं ते विचारा. आणि बायकांना आवर्जून विचारा. जर्मन फुटबॉल संघटनेने १९५५ पासून १९७० पर्यंत क्लबांना बायकांच्या टीम ठेवायला बंदी घातली होती, तरी पोरी खेळायच्याच. भाच्याला एका आजींनी सांगितलं की बंदीच्या काळात आम्ही दोन गावं पलीकडे जाऊन खेळायचो. वहीत ह्याची एक ओळ नाही, वहीत त्याच आजींचं नाव फक्त जर्सी धुतल्याबद्दल आभारात आहे.

लीगचे तक्ते, कुठल्या वर्षी क्राइसलीगामधून (म्हणजे जिल्हा पातळीच्या लीगमधून) वर गेलो नि परत खाली आलो, हे शेवटी दोन पानांत टाका, कोणी वाचत नाही.

फोटोंचं मात्र नीट करा. जुन्या टीम फोटोत पुढे ठेवलेल्या बॉलवर खडूने साल लिहिलेलं असतं, ते आधी मोठं करून बघा. स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन करा. नावं लिहायची तर मागे मऊ पेन्सिलनेच लिहा, मी आमच्या मंडळाच्या फोटोंवर बॉलपेनने लिहिली होती, आता पुढच्या बाजूने पहिल्या रांगेतल्या तिघांच्या चेहऱ्यांवर उलटी अक्षरं उमटलीत.